पायाखालचे आगर

बालपणी ज्या भूमीवर आपण मनसोक्त हिंडलो, तिच्याविषयी आपण किती अज्ञ होतो, हे बहुधा उतारवयातच ध्यानी येते. आमचेही तसेच झाले.

ठाण्याच्या पूर्वेस, खाडीलगतच्या कोपरीत आम्ही वाढलो. १९६८ च्या सुमारास वस्ती संपली की तिवरांपर्यंत ओसाड जमीन पसरलेली असे. सुट्टीत घरातील आम्ही सातआठ भावंडे तेथेच असू. त्या जमिनीवर एक कोडे होते. हातभर उंचीच्या बांधांनी तिचे सारखे चौकोन पाडलेले. परंतु त्यांत ना पीक, ना तृण. तळ चोपलेल्या अंगणासारखा घट्ट, आणि चैत्र-वैशाखात त्यावर पांढुरका थर. थोरले बंधू म्हणत, या बुडालेल्या नगरीच्या खोल्या. धाकट्यांच्या मते तो राक्षसांचा सारीपाट. एका बांधाच्या टोकाशी शेंदूर फासलेला दगड होता; त्याला मात्र सारे मुकाट्याने हात जोडीत.

सायंकाळी वडील १९३० च्या सत्याग्रहाच्या कथा सांगत: दांडी, वडाळा, शिरोडे. आम्ही तन्मयतेने ऐकत असू. परंतु मिठाची ती कथा आणि ते चौकोन यांची सांगड ना आम्ही घातली, ना वडिलांनी.

पुढे आम्ही शिक्षक झालो. एकदा वर्गात ‘रत्नाकर’ शब्दाचा विग्रह सांगत होतो: रत्नांचा आकर, म्हणजे खाण. एक आगरी विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, आमचं मिठाचं आगर त्यातलंच का?” कोशकार ‘आगर’ शब्दाचा संबंध ‘आकरा’शीच जोडतात. आम्ही चपापलो.

त्याच्या आजोबांकडे गेलो, तेव्हा उलगडा झाला. उधाणाच्या भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यावयाचे, उन्हात आटवीत एका वाफ्यातून दुसऱ्यात न्यावयाचे आणि शेवटी पायांनी तुडवून घट्ट केलेल्या चौकोनांत मीठ पिकवावयाचे. पावसाळ्यापूर्वी ते ओढून घ्यावयाचे. चेंदणीच्या मीठबंदर रस्त्याच्या नावातही हाच व्यवसाय नांदतो. त्या रस्त्याने तर आम्ही नित्य जात होतो!

लज्जा वाटली ती निव्वळ अज्ञानाची नव्हे. हे आजोबा आमच्या दारावरून रोज जात. घरात चार कोश होते. पण त्यांना हाक मारून विचारावे, असे कोणास सुचले नाही.

आता तेथे इमारती आहेत. आजोबाही गेले. त्या शेंदरी दगडाविषयी मात्र विचारावयाचे राहूनच गेले. ज्यांच्या घराजवळ अद्यापि एखादी मोकळी जागा व तिचा जाणता म्हातारा आहे, त्यांनी मुलांना आजच त्याच्याकडे धाडावे.