हंगामी ते कायम: खालिद जमील यांची अठ्ठावीस वर्षं

जुलै 2025 मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या टपालात एक सनसनाटी अर्ज येऊन पडला. भारताचं प्रशिक्षकपद हवं म्हणून अर्ज करणारा चक्क स्पेनचा झावी! दोन दिवस बातम्यांचा धुरळा उडाला, मग कळलं की तो ई-मेल बनावट होता. पदासाठी 170 अर्ज आले होते. शेवटच्या तिघांत स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि स्टेफान तारकोविच या दोन परदेशी नावांशेजारी उरले मुंबईचे खालिद जमील. 1 ऑगस्टला त्यांचं नाव जाहीर झालं. मधल्या फळीतल्या जगविख्यात खेळाडूचा अर्ज खोटा निघाला आणि मधल्या फळीतल्याच, पण फारसा कोणाला न आठवणाऱ्या एका खेळाडूला पद मिळालं.

न आठवण्याला कारण आहे. जमील यांचा जन्म 1977 चा, कुवेतमधला. आखाती युद्धाच्या सुमारास कुटुंब मुंबईत आलं. 1997 मध्ये ते महिंद्र युनायटेडमध्ये दाखल झाले, वर्षभरात एअर इंडियात गेले, 2002 मध्ये पुन्हा महिंद्रमध्ये परतले आणि 2007 मध्ये नव्यानं निघालेल्या मुंबई एफसीत. भारताची जर्सीही अंगावर आली. कोलकात्याच्या दोन्ही बड्या क्लबांची बोलावणी त्यांनी नाकारली, कारण त्या जर्सींवर मद्य कंपन्यांची नावं होती, असं सांगितलं जातं. महिंद्रनं डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली, पण तोवर जमील यांचा बराच काळ दुखापतींशी झगडण्यात जात होता. मुंबई एफसीतही शरीरानं साथ दिली नाही. 2009 मध्ये बूट खुंटीला टांगले आणि त्याच क्लबचं प्रशिक्षकपद हाती आलं. वय अवघं बत्तीस.

पुढची सात वर्षं जाणकारांनी फारशी मनावर घेतली नाहीत. बचाव घट्ट ठेवायचा, लांब चेंडू मारायचा, एखादा गुण खिशात घालून घरी यायचं, हा खेळ कोणाला आवडणार? मुंबईत मैदान नाही म्हणून या मुंबईकर संघाला काही काळ ‘घरचे’ सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळावे लागले, नंतर कूपरेजच्या कृत्रिम गवतावर. पैसा बेताचा, खेळाडू इतरांनी सोडलेले. तरीही जमील होते तोवर संघ एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचं खरं शिक्षण याच काळात झालं. पुढे मिळालेलं यश त्याच कंजूष हिशेबातून आलं.

त्याचा पुरावा एकाच मोसमात मिळाला. 2016 मध्ये मुंबई एफसीनं त्यांना निरोप दिला आणि ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीत गेले. हा संघ आदल्या वर्षी देशाच्या अव्वल साखळीतून, आय-लीगमधून, खाली गेलेला होता. तो परत वर आला कसा, हे मात्र गोव्यानं ठरवलं. लीगच्या नव्या रचनेवर रुसून साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी अंग काढून घेतलं, धेंपोही बाजूला झाला. रिकाम्या जागेवर ऐझॉलला परत बोलावण्यात आलं. जमील यांनी आशुतोष मेहता, जयेश राणे असे मुंबई एफसीतले ओळखीचे गडी सोबत नेले. 22 एप्रिल 2017 ला झोमिंग्लियाना राल्तेच्या गोलवर मोहन बागान हरलं. 30 एप्रिलला शिलाँगमध्ये 1-1 अशी बरोबरी झाली आणि एका गुणाच्या फरकानं ऐझॉल विजेता ठरला. ईशान्य भारतात लीगचा चषक पहिल्यांदाच जात होता. त्याच मोसमात तळाला राहून खाली गेलेला संघ कोणता? मुंबई एफसी. तो क्लब नंतर बंदच पडला. महिंद्र 2010 मध्येच विसर्जित झाला होता. ज्या मैदानी संसारात जमील वाढले, तो त्यांच्या डोळ्यांदेखत मोडत गेला.

भारतीय प्रशिक्षकांच्या वाट्याला काय येतं, ते शेजारच्या गोव्यात दिसतं. आमच्या सावंतवाडीच्या मैदानांवर राज्य क्रिकेटचं, पण बांद्यापुढे गोव्याची हद्द ओलांडली की हवाच बदलते. तासा-दीड तासात पणजी, आणखी थोडं पुढे मडगावचं फातोर्डा. या पट्ट्यानं प्रशिक्षक भरपूर दिले. साळगावकरच्या मधल्या फळीतले साविओ मेदेरा 2011 मध्ये भारताचे प्रशिक्षक होते. दिल्लीत अफगाणिस्तानला 4-0 हरवून सॅफ करंडक त्यांनीच आणला. धेंपोचे क्लिफर्ड मिरांडा आर्मांदो कुलासो यांच्या तालमीत पाच लीग विजेतेपदं जिंकून प्रशिक्षणाकडे वळले. 2020 मध्ये सर्जिओ लोबेरांना काढल्यावर एफसी गोवाची धुरा हंगामी म्हणून त्यांच्याकडे आली आणि संघानं जमशेदपूरला 5-0 हरवून साखळीत अव्वल स्थान मिळवलं. 2023 मध्ये ओडिशा एफसीला सुपर कप जिंकून दिला, तेव्हाही ते हंगामीच होते. विहीर खोल गेली की घरचा माणूस उतरवायचा आणि पाणी लागलं की बाहेरचा इंजिनिअर आणायचा, असा हा इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा रिवाज.

जमील यांनाही तो चुकला नाही. ज्यांची बोलावणी खेळाडू म्हणून नाकारली होती, त्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागानमध्ये ते प्रशिक्षक म्हणून गेले. दोन्हीकडे मुक्काम अल्प. जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडनं जेरार्ड नुस यांना हटवलं आणि उरलेला मोसम जमील यांच्या गळ्यात मारला. साखळीतला एकही सामना न हरता संघ उपांत्य फेरीत पोचला. मग त्याच वर्षी त्यांची नेमणूक कायम झाली. आयएसएलमध्ये असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. पुढचा मोसम मात्र साफ फसला, संघ दहावा आला. पुढे जमशेदपूरचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी त्या संघाला 2024-25 मध्ये उपांत्य फेरीत नेलं, सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाकडून 0-3 असा मार खाल्ला आणि तिथून थेट देशाचं पद. मेदेरांनंतर त्या खुर्चीत कायमस्वरूपी बसलेला भारतीय म्हणजे जमीलच.

सुरुवात झकास झाली. काफा नेशन्स कपमध्ये ताजिकिस्तानला त्यांच्याच घरात 2-1 हरवलं, इराणकडून हार पत्करली, आणि 8 सप्टेंबरला क्रमवारीत पन्नासहून अधिक पायऱ्या वर असलेल्या ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला.

मग आशियाई चषकाची पात्रता. सिंगापूरमध्ये शेवटच्या क्षणी रहीम अलीनं 1-1 अशी बरोबरी साधून दिली. परतीचा सामना 14 ऑक्टोबरला फातोर्ड्याला. भारताच्या छांगतेनं चौदाव्या मिनिटाला गोल केला, मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-याँगनं तो फेडला आणि उत्तरार्धात त्यानंच दुसरा मारला. 1-2. भारताचं 2027 चं तिकीट तिथेच फाटलं. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशनंही 1-0 हरवलं, बावीस वर्षांत प्रथमच. टीकेची झोड उठली ती रास्तच होती. बचावानं वाचलेला माणूस आता बचावामुळेच बुडत होता. एवढं मात्र नोंदवायला हवं की व्यावसायिक हक्कांच्या घोळात आयएसएल जुलैपासून थांबलेली होती, आणि राष्ट्रीय संघ निवडणाऱ्या प्रशिक्षकाला शनिवार-रविवारी जाऊन पाहायला एकही लीग सामना नव्हता.