निद्रेचा वारसा

दुपारच्या जेवणानंतर डोळ्यांवर झापड येणे हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यासाठी कोणी डॉक्टरांकडे जात नाही. परंतु समोरच्याशी बोलता बोलता, वाहन चालविताना किंवा परीक्षेचा पेपर लिहिताना झोपेने अकस्मात झडप घालावी आणि हे वर्षानुवर्षे घडत राहावे, याला आळस म्हणता येत नाही. हा ‘नार्कोलेप्सी’ नावाचा मेंदूचा विकार आहे. जेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८८० साली त्याला हे नाव दिले.

अशा रुग्णाला आपल्याकडे सर्रास ‘कुंभकर्ण’ म्हटले जाते. उपमा मुळातच चुकीची आहे. चोवीस तासांचा हिशेब मांडला, तर हा रुग्ण इतरांपेक्षा फारसा अधिक झोपत नाही. रात्रीची त्याची झोप तर वारंवार मोडते. बिघाड असतो तो जागृती आणि निद्रा यांमधील सीमारेषेत. मोठ्याने हसू आले की काहींचे गुडघे एकाएकी लटपटतात, मान झुकते, हातातील वस्तू गळून पडते. मात्र शुद्ध हरपत नाही. यास ‘कॅटाप्लेक्सी’ म्हणतात. स्वप्ने पडत असताना स्नायू शिथिल करणारी यंत्रणा जागेपणीच कार्यान्वित झाल्याचा हा परिणाम होय. तोल जाण्याच्या भीतीने विनोदापासून दूर राहणारी माणसेही असतात!

या विकाराचा उलगडा होण्यास कुत्र्यांचे साहाय्य झाले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विल्यम डिमेंट यांनी १९७०च्या दशकात नार्कोलेप्सी असलेली कुत्री सांभाळण्यास प्रारंभ केला. आवडता खाऊ दिसताच ती बिचारी आनंदाच्या भरात जमिनीवर कोसळत. डॉबरमन व लॅब्राडोर जातींत हा विकार सरळ आनुवंशिक होता. आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आले, की पिल्लाला तो होणारच. ते जनुक हुडकण्यास इमॅन्युएल मिन्यो यांच्या गटाला सुमारे एक दशक लागले. १९९९ साली उत्तर मिळाले : मेंदूतील ‘ओरेक्सिन’ या रसायनाचा संदेश स्वीकारणारी यंत्रणाच या कुत्र्यांत निकामी होती. त्याच वर्षी डॅलस येथील मासाशी यानागिसावा यांचा गट उंदरांवरील प्रयोगांतून याच रसायनापाशी पोहोचला. पुढच्याच वर्षी कॅटाप्लेक्सीसह नार्कोलेप्सी असलेल्या मृत रुग्णांच्या मेंदूंची तपासणी झाली, तेव्हा ओरेक्सिन निर्माण करणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या.

मग माणसातही हा रोग कुत्र्यांप्रमाणेच पिढीजात असतो काय? येथेच सर्वाधिक गैरसमज होतो. बहुतेक रुग्णांत ओरेक्सिनचे जनुक निर्दोष असते. वारसा असतो तो रोगप्रतिकारशक्तीचा. कॅटाप्लेक्सी असलेल्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत सहाव्या गुणसूत्रावरील ‘एचएलए’ जनुकांपैकी ‘डीक्यूबी१*०६:०२’ हा प्रकार सापडतो. परंतु अनेक लोकसमूहांत हाच प्रकार सुमारे १२ ते ३० टक्के निरोगी माणसांतही असतो, आणि प्रत्यक्ष विकार होतो तो साधारणपणे दोन हजारांत एखाद्याला. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा विकार असला, तरी दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासच आहे. जनुक दार किलकिले करते. आत शिरण्यास आणखी काही निमित्त लागते.

असे निमित्त २००९-१० च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत दिसले. फिनलंड व स्वीडनमध्ये ‘पँडेमरिक्स’ ही विशिष्ट लस घेतलेल्या मुलांमध्ये नार्कोलेप्सीचे प्रमाण वाढले. बाधित मुलांमध्ये हाच एचएलए प्रकार आढळला. तो असलेल्या इतर बहुसंख्य मुलांना मात्र काहीही झाले नाही. त्याच सुमारास चीनमध्ये लस न घेतलेल्यांतही साथीनंतर रुग्ण वाढले होते. विषाणूशी लढण्यास सज्ज झालेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूपेशींवर उलटत असावी, असे आता बहुतेक संशोधक मानतात.

म्हणून घरात एकाला नार्कोलेप्सी आहे, एवढ्यावरून भावंडांच्या विवाहाची बोलणी थांबविणे निराधार आहे. रुग्णाच्या मुलाला किंवा भावंडाला हा विकार होण्याची शक्यता एक ते दोन टक्के इतकीच असते. केवळ जनुकचाचणी करून घेण्यातही फारसे हशील नाही. ती ‘पॉझिटिव्ह’ आली तरी रोग सिद्ध होत नाही. खरे निदान निद्रा-प्रयोगशाळेत होते. तेथे रात्रभर झोपेची नोंद घेतात आणि दुसऱ्या दिवशी ठरावीक अंतराने चार-पाच वेळा झोपावयास सांगून रुग्णाला किती मिनिटांत झोप लागते आणि स्वप्नावस्था किती लवकर येते, हे पाहतात.

विकाराचा प्रारंभ बहुधा शालेय किंवा तरुण वयात होतो. वर्गात बाकावर उभे राहण्याची शिक्षा भोगलेल्या मुलाला पुढे कचेरीत मेमो मिळतो, आणि निदान होईपर्यंत कित्येक वर्षे निघून जातात. नष्ट झालेल्या पेशी परत आणता येत नाहीत. परंतु मोडॅफिनिलसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली जागृती टिकवून धरतात. दुपारी ठरलेल्या वेळी पंधरा-वीस मिनिटांची डुलकी घेता आली, तर अनेक रुग्णांना त्यानंतरचा काही काळ नीट काम करता येते.