मागील दाढांची उघडी मुळे व त्यांवरील शस्त्रक्रिया

समोरच्या दाताची हिरडी मागे सरली, तर रोगी आरशात पाहून आपण होऊन वैद्याकडे धावतो. दाढेचे तसे नसते. थंड पाण्याच्या घोटासरशी कळ येते, तेव्हा कोठे तिची आठवण होते. वडाळ्यासारख्या श्रमिकांच्या जुन्या वस्तीत कारणे शोधण्यास घराबाहेर जावे लागत नाही: ब्रशाचे आडवे घासणे, साचलेले कीटण, आणि बोटाने हिरडीवर चोळलेली मशेरी. वडाळा रोडहून हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की शासकीय दंत महाविद्यालय जवळच आहे. परंतु तेथवर जाण्यापूर्वी कोणत्या उपायाने काय साधते हे समजून घेणे बरे.

पहिला उपाय म्हणजे हिरडीचा पदर सोडवून तो दाताच्या माथ्याकडे ओढून शिवणे. हिरडी जाड असेल तर एवढ्याने भागते. पातळ असेल तर ती कालांतराने पुन्हा सरकण्याचा संभव असतो. दुसरा उपाय सलिव्हन व अॅट्किन्स यांनी १९६८ साली विशद केला. यात टाळूच्या पृष्ठभागाचा तुकडा मोकळाच आणून बसवितात. तो फिकट दिसतो, म्हणून समोर नकोसा. मागे रंग पाहतो कोण? मात्र मुळाच्या पृष्ठभागात रक्तवाहिन्या नसतात. दाढेचे मूळ रुंद, त्यामुळे कडांवरून येणारे पोषण मध्यभागी पोहोचत नाही आणि तेथील तुकडा मरतो. हिरडीची पट्टी बळकट होते, मूळ झाकले जाईलच असे नाही.

लँगरद्वयाने १९८५ साली मांडलेल्या तिसऱ्या पद्धतीत टाळूच्या आतील संयोजी ऊतक पदराखाली ठेवतात. त्यास दोन्ही बाजूंनी रक्त मिळते. मूळ झाकणे हाच हेतू असेल, तर हीच पद्धत अधिक भरवशाची ठरली आहे. तथापि गालाकडील खाच उथळ असेल तर पदर पुरेसा ओढता येत नाही. आणि वरच्या दाढांच्या टाळूकडील बाजूस तो मुळीच सरकत नाही, कारण ती त्वचा हाडास घट्ट चिकटलेली असते.

दोन दाढांमधील हाड झिजले असेल, अथवा मुळे जेथे विलग होतात ती जागा उघडी पडली असेल, तर पूर्ण आच्छादनाची आशा धरू नये. मिलर यांनी १९८५ सालीच केलेल्या चार वर्गांपैकी पहिल्या दोहोंतच ती धरता येते. अशा दाढेस शस्त्रक्रियेपेक्षा ब्रश नीट पोहोचेल अशी व्यवस्था करणेच कित्येकदा हिताचे.

मशेरीतील निकोटिनाने रक्तवाहिन्या आकसतात आणि कलम तर नव्या रक्तवाहिन्यांवरच जगते. म्हणून मशेरी सुटल्यावरच शस्त्रक्रियेचा विचार करावा. पुढेही टाके निघेपर्यंत त्या जागी ब्रश लावावयाचा नसतो. औषधी पाण्याने खळखळून चुळा न भरता ते केवळ तोंडात धरून सोडावयाचे असते.