धाप हृदयाची की फुफ्फुसाची?

रात्री दम लागून जाग यावी आणि उठून बसल्याशिवाय श्वास घेता येऊ नये, अशी तक्रार घेऊन वयस्कर रुग्ण रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा पहिला प्रश्न असतो तो धाप हृदयामुळे लागली की फुफ्फुसांमुळे, हा. दोन्ही विकारांत लक्षणे बरीचशी सारखी, उपचार मात्र भिन्न. हृदयाची शक्ती क्षीण झाली असेल, तर शरीरात साठलेले पाणी लघवीवाटे काढून टाकणारी औषधे द्यावी लागतात. दम्याच्या रुग्णाला त्यांचा उपयोग नसतो. ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि इकोकार्डिओग्राफी यांच्या जोडीला या निदानासाठी आज रक्ताची एक चाचणी उपलब्ध आहे. ती म्हणजे 'बीएनपी'.

नाव मेंदूचे, काम हृदयाचे

हृदय हा निव्वळ पंप नसून तो संप्रेरकेही स्रवतो, हे कॅनडातील अडोल्फो डी बोल्ड यांच्या १९८१ मधील प्रयोगांतून पुढे आले. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी डुकराच्या मेंदूतून तशाच गुणधर्माचे एक पेप्टाइड वेगळे केले. त्यामुळे त्याला 'ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड' हे नाव मिळाले. त्याचा मुख्य स्रोत हृदयाचे खालचे कप्पे आहेत, हे नंतर उमगले; पण नाव तेच राहिले.

या कप्प्यांच्या भिंतींवर ताण आला, की स्नायूपेशी १०८ अमिनो आम्लांची एक साखळी तयार करतात. तिचे दोन तुकडे होतात. ३२ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे बीएनपी. तो मूत्रपिंडांना सोडियम आणि पाणी बाहेर टाकायला लावतो व रक्तवाहिन्या सैल करतो. उरलेला ७६ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे 'एनटी-प्रोबीएनपी'. त्याला असे काही काम नसते. मात्र तो रक्तात अधिक काळ टिकतो. बीएनपीचे प्रमाण सुमारे २० मिनिटांत निम्मे होते, तर याला एक ते दोन तास लागतात.

किटमध्ये असते काय?

ही पेप्टाइडे पिकोग्रॅममध्ये मोजतात. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग! इतके सूक्ष्म मापन शक्य झाले ते प्रतिपिंडांमुळे. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिन मोजण्यासाठी किरणोत्सारी पदार्थ वापरून ही पद्धत प्रथम विकसित केली. त्यासाठी यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आजच्या किटमध्ये सहसा प्रतिपिंडांची जोडी असते. एक प्रतिपिंड पृष्ठभागावर घट्ट बसवलेले असते. ते रक्तातील नेमके हवे तेच पेप्टाइड पकडते. दुसरे त्याच पेप्टाइडच्या वेगळ्या भागाला चिकटते आणि त्याला प्रकाश देणारे रसायन जोडलेले असते. न चिकटलेला भाग धुऊन काढल्यावर उरलेला प्रकाश यंत्र मोजते व ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांशी ताडून आकडा देते. रुग्णाजवळच काही मिनिटांत ही चाचणी करणाऱ्या किटला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली.

आकडा कसा वाचावा?

धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या १,५८६ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिलिलिटरमागे १०० पिकोग्रॅम ही बीएनपीची मर्यादा धरल्यास निदान सुमारे ८३ टक्के अचूक ठरले. एकाएकी धाप लागलेल्या रुग्णात बीएनपी १०० पेक्षा किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० पेक्षा कमी असेल, तर हृदय हे कारण असण्याची शक्यता फारच थोडी असते.

गोंधळ होतो तो इथेच. अहवालात '२८०' असे लिहिले असेल, तर तो आकडा बीएनपीचा असल्यास काळजीचा आणि एनटी-प्रोबीएनपीचा असल्यास बराचसा दिलासा देणारा! शिवाय एनटी-प्रोबीएनपीवरून हृदयविकाराचे निदान पक्के करताना वयही पाहतात. पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तर वयात ९०० आणि त्यापुढे १,८०० ही मर्यादा धरली जाते.

मूत्रपिंडाचा विकार, हृदयाची अनियमित लय किंवा फुफ्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी यांमुळेही आकडा वाढतो. उलट स्थूल व्यक्तीत तो अपेक्षेपेक्षा कमी येतो. २०१५ पासून वापरात आलेले सॅक्युबिट्रिलयुक्त औषध बीएनपीचे विघटन रोखते. ते घेणाऱ्यांत बीएनपीऐवजी एनटी-प्रोबीएनपी पाहणे श्रेयस्कर. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेमुळे काही किटमध्ये चुकीचा कमी आकडा येऊ शकतो, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. म्हणून अशा गोळ्या सुरू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

निरनिराळ्या कंपन्यांच्या किटमधील प्रतिपिंडे वेगवेगळी असल्याने त्यांचे आकडेही तंतोतंत जुळत नाहीत. उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी चाचणी पुन्हा करायची असेल, तर ती शक्यतो त्याच प्रयोगशाळेत करावी आणि जुना अहवाल सोबत ठेवावा. आकडा कमी असल्यास हृदयाबद्दलची शंका बऱ्याच अंशी फिटते. तो जास्त असल्यास मात्र इकोकार्डिओग्राफी करून खात्री करून घेणे आवश्यक ठरते.