वळूचे स्थानिक व्याधिक्षमत्व

भातकापणीनंतर कर्जत-खालापूरकडील वाड्यावस्त्यांची गुरे माळावर मोकळी सुटतात. त्या कळपात वळू एखादाच; बाकीचे नर बहुधा बैल. वळू तुकतुकीत, खाण्यापिण्यात चोख. तरीही काही गाई वारंवार उलटतात, एखादी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गाभडते, आणि दोष गाईच्याच माथी मारला जातो. याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी वळूच्या शिश्नावरणात दडलेले कारण सहसा नजरेआड राहते.

शुक्राणूंची निर्मिती वयात आल्यावर सुरू होते. शरीराची आपपर ओळख त्यापूर्वीच ठरलेली असल्याने शुक्राणू त्यास परकेच. त्यांच्यावर हल्ला होऊ नये म्हणून वृषणातील सर्टोली पेशी एकमेकींना घट्ट सांधून रक्त व शुक्राणू यांमध्ये भिंत उभारतात. बाहेरून येणाऱ्या जंतूंस मात्र अडवावेच लागते. त्यासाठी अधिवृषणाच्या अस्तरातून डिफेन्सिन ही जंतुघ्न द्रव्ये स्रवतात आणि शिश्नावरणाच्या स्रावात प्रतिपिंडे असतात.

तथापि ट्रायकोमोनास व कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू धातूंत खोल शिरतच नाहीत. ते शिश्नावरणाच्या वळ्यांत पृष्ठभागावरच वस्ती करतात. त्यामुळे प्रतिकार क्षीण राहतो. वयाबरोबर या वळ्या खोल होतात आणि प्रौढ वळू पुष्कळदा जन्मभर वाहक राहतो. गाईच्या योनिमार्गातील प्रतिपिंडे मात्र बहुधा काही महिन्यांत जंतूंस हुसकावतात व ती पुन्हा गाभण राहू शकते.

चक्रपाणीने व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ दिले आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलास विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीसच प्रतिबंध. या वळूत दुसरा अर्थ पूर्णपणे दिसतो. जंतू असूनही त्यास व्याधी नाही. परंतु ही व्याख्या एका देहापुरती आहे. तिच्यावरून कळप सुरक्षित ठरवता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

घाटापलीकडे उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापिलेल्या बायफसारख्या संस्था गोठीत रेतन पुरवितात. रेतनकेंद्रांतील वळूंची या दोन्ही जंतूंसाठी, तसेच क्षय व ब्रुसेल्ला यांसाठी तपासणी अपेक्षित असते. अडचण वेगळीच आहे. गाईचा माज दिवसभरही टिकत नाही; डोंगरावरील वाडीत तेवढ्यात रेतन पोहोचणे कठीण. तेथे वळूच राहणार. मग त्याच्या शिश्नावरणाचे धावन पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे, एका निर्दोष अहवालावर विसंबू नये आणि वळू शक्यतो तरुण ठेवावा.

ब्रुसेल्लाची गोष्ट निराळी. हा जंतू ऊतींत शिरतो, वृषण व शुक्राशयापर्यंत जातो आणि मनुष्यासही बाधतो. धारोष्ण दुधाचे गुण आपण शिकलो आहोत. परंतु जेथे गाई गाभडत आहेत तेथे ते न उकळता देणे धोक्याचे आहे. रेंगाळणारा चढउताराचा ज्वर, स्वेद व संधिशूल घेऊन रुग्ण आल्यास, गोठ्यात गाय गाभडली होती काय आणि वार कोणी हाताळली, हे प्रश्न परीक्षेत अवश्य विचारावेत.