प्रमाणपत्र आलं, पण संत्री वेगळी राहिली का?

काटोलकडे सेंद्रिय शेतीच्या अनुदानाचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला: "हेक्टरी किती मिळतात?" प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर देतोच. पण माझ्या संशोधनात मला पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: प्रमाणपत्र हातात आल्यावर त्या संत्र्याचं काय होतं?

आधी आकडे. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना 2015-16 मध्ये सुरू झाली. तिच्या सुधारित निकषांनुसार तीन वर्षांत मिळून हेक्टरी 31,500 रुपये धरले आहेत. त्यातले 15,000 निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात, 9,000 प्रशिक्षणाला, 4,500 विक्री-पॅकिंग-ब्रँडिंगला आणि 3,000 प्रमाणीकरण व अवशेष तपासणीला. एका शेतकऱ्याला मर्यादा दोन हेक्टरची.

आता हे झाडावर मांडून बघा. 6 बाय 6 मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी साधारण 277 झाडं बसतात. खात्यात येणारे 15,000 रुपये तीन वर्षांत वाटले, तर एका झाडाला वर्षाला 18 रुपये पडतात. शेणखत, निंबोळी पेंड आणि मजुरी यांतून किती निघेल, हे बगीचावाल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट घड्याळाची. संत्रा बहुवर्षायू पीक. रासायनिक बगीचा सेंद्रिय म्हणवून घेण्याआधी सहसा तीन वर्षांचा रूपांतर काळ धरतात. या काळात फवारणीचे नियम सेंद्रियचे, पण फळाला पूर्ण सेंद्रियचा शिक्का नाही. कोळशी आली, डिंक्या दिसला, उत्पादन घटलं, तरी भाव नेहमीचाच. अनुदानही तीनच वर्षांचं. म्हणजे फळ सेंद्रिय ठरतं आणि मदत थांबते, दोन्ही जवळपास एकाच वेळी! प्रमाणपत्र मात्र पुढेही नूतनीकरण करून टिकवावं लागतं.

प्रमाणपत्राचेही दोन प्रकार आहेत. पीजीएसमध्ये गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात. खर्च कमी येतो, आणि देशांतर्गत विक्रीला ते चालतं. दुसरा एनपीओपी. त्यात त्रयस्थ संस्था तपासणी करते, देखरेख अपेडाची असते. सेंद्रिय म्हणून निर्यात करायची तर हाच लागतो. गटात शिरताना आपल्याला यातला कोणता मिळणार, हे विचारलंच पाहिजे.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे बरेच बगीचे झाडावरच विकले जातात. बहार पाहून व्यापारी उक्ता सौदा करतो, तोडणी त्याची, गाडीही त्याची. तुमची संत्री शेजारच्या बगीच्यातल्या मालाबरोबर एकाच गाडीत पडली, की त्या क्षणी तुमचं प्रमाणपत्र निरुपयोगी होतं. कारण प्रमाणपत्र नुसतं जमिनीला लागू नसतं. कुठल्या शेतातून किती माल निघाला, कुठे गेला, ही सलग नोंद म्हणजे प्रमाणपत्राचा जीव. ती एका ठिकाणी तुटली की ग्राहकाच्या हातात पडतो तो फक्त संत्रा.

"मग सेंद्रियला भावच नाही" अशी तक्रार ऐकली, की म्हणून मी आधी विचारतो: माल विकला कसा? भाव नसतो असं नाही, पण तो वेगळ्या ठेवलेल्या फळाला मिळतो. वेगळी तोडणी, प्रतवारी, पॅकिंग आणि थेट गिऱ्हाईक, या सगळ्यासाठी योजनेत हेक्टरी 4,500 रुपये आहेत, तेही तीन वर्षांचे. माझ्या मते खरी गळती इथे आहे.

तेव्हा गटात सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. प्रमाणपत्र कोणतं? चौथ्या वर्षी त्याचा खर्च कोण करणार? आणि आपला माल वेगळा तोडून वेगळा विकणारं कुणी आहे का? तिसऱ्याचं उत्तर "बघू" असं आलं, तर गटाची पहिली बैठक खताची नको, विक्रीची घ्या.