ग्रंथ घडविणे आणि ग्रंथ वाचणे : चेन्नईतील हस्तनिर्मित चित्रग्रंथ

साहित्याच्या अभ्यासात ग्रंथाकडे बहुधा संहितेचे वाहन म्हणूनच पाहिले जाते. संहिता एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत गेली तरी तिच्या अर्थास बाध येत नाही, असे आपण गृहीत धरतो. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला मात्र एवढ्याने भागत नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी पोथी हाती घेतली, की तो अक्षरांबरोबर कागद, शाई, समास व पत्रांचा क्रमही न्याहाळतो आणि त्यांवरून पोथीच्या काळाचा व लेखनिकाच्या सवयींचा अंदाज बांधतो. हीच दृष्टी मुद्रित ग्रंथालाही लावणे कधीकधी अपरिहार्य ठरते. त्याच तमिळ प्रदेशातील चेन्नई येथे गेल्या काही दशकांत निर्माण झालेले हस्तनिर्मित चित्रग्रंथ याचे उत्तम उदाहरण होत.

गीता वुल्फ यांनी १९९४ साली चेन्नईत 'तारा बुक्स' ही प्रकाशनसंस्था स्थापन केली. तिचे काही ग्रंथ सी. आरुमुगम यांच्या देखरेखीखालील कार्यशाळेत स्क्रीन-मुद्रणाने हाती छापलेले व हातानेच शिवलेले आहेत. ही विद्या शिकणाऱ्याला प्रथम कागद ओळखावा लागतो. सुती चिंध्यांचा लगदा साच्यावर उचलून, दाबून व वाळवून केलेल्या हातकागदाची जाडी सर्वत्र सारखी नसते. तो शाईही कमीअधिक शोषतो. त्यानंतर रंगांची फोड येते. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीच्या कापडावर आकृतीपुरता भाग मोकळा ठेवून बाकीचा बंद करतात आणि रबरी पट्टीने शाई खालच्या कागदावर उतरवितात. प्रत्येक रंगास स्वतंत्र चौकट लागते. चार रंगांचे पान म्हणजे चार वेळा छपाई, आणि मध्ये प्रत्येक वेळी वाळवण. दुसरा रंग पहिल्याशी नेमका जुळला नाही, तर रेषेच्या कडेला कोरा कागद डोकावतो. अखेरीस ताव दुमडून फर्मे करणे व ते शिवणे. दुमडलेली पाने क्रमाने यावीत म्हणून फर्म्याचे पहिले व शेवटचे पान तावावर शेजारी छापावे लागते. कोऱ्या कागदाची घडी घालून तिच्यावर स्वतः आकडे मांडल्यावाचून हे सहसा ध्यानी येत नाही.

हे केवळ कारागिरीचे तपशील आहेत असे कोणी म्हणेल. वस्तुतः अर्थाचा काही भाग येथेच सिद्ध होतो. रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आदी वारली चित्रकारांच्या सहभागाने २००९ साली 'डू!' हा ग्रंथ निघाला. त्यात तपकिरी कागदावर पांढऱ्या शाईने क्रियापदे चित्रित केली आहेत. गेरू-मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे ज्याने पाहिली आहेत, त्याला हा कागद म्हणजे निव्वळ पार्श्वभूमी वाटणार नाही. भज्जू श्याम, दुर्गाबाई व रामसिंह उर्वेती या गोंड चित्रकारांच्या 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' (२००६) या ग्रंथात काळ्या कागदावर वृक्ष उजळतात. तेथे रात्र रंगवलेली नाही, ती कागदच आहे. हीच चित्रे पांढऱ्या कागदावर काळा रंग छापून दाखविली, तर आकृती तीच राहील. परंतु अंधारातून वृक्ष प्रकटण्याचा अनुभव तसाच राहील असे म्हणता येणार नाही.

यातून अभ्यासकांपुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला कर्तृत्वाचा. चित्रकार, कथनकार, रंग जुळविणारा मुद्रक व शिवण घालणारा कारागीर यांपैकी ग्रंथाचा कर्ता कोण? ग्रंथसूचीत एकाच नावाला जागा दिली, तर उरलेल्यांचे श्रम अदृश्य होतात. दुसरा प्रश्न प्रतींचा. हाती छापलेल्या दोन प्रती सर्वांशी एकरूप नसतात. पोथ्यांच्या पाठभेदांची नोंद जशी आपण काटेकोरपणे करतो, तशी येथे प्रतभेदांची करावयास हवी. केवळ छायाचित्ररूपाने जतन केलेल्या प्रतीत कागदाचा पोत व शाईचा थर यांचा पुरावा नाहीसा होतो.

म्हणून ग्रंथविद्येच्या अभ्यासक्रमात एक तरी लहान ग्रंथ विद्यार्थ्याने स्वहस्ते छापून शिवावा, अशी सूचना करावीशी वाटते. त्याने तो कुशल कारागीर होईल असे नव्हे. परंतु पुढील ग्रंथ उघडताना शिवणीकडे त्याची नजर जाईल, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तेवढा लाभही लहान नाही.